वर्गात शेरेबाजी, ग्रुपवर धमकी: शाळेने आणि पालकांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मधली सुट्टी संपता संपता नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहते, मागून मैत्रीण तिला ढकलत असते, "सांग ना, सांग ना". पुढच्या अर्ध्या तासात बहुतेक शाळांत काय होतं ते मला पाठ झालंय. मुलाला बोलावलं जातं, एखादे सर दोन ठेवून देतात, मग दोघांना हेडसरांच्या ऑफिसात समोरासमोर उभं करतात, "सॉरी म्हण तिला", तो खाली मान घालून सॉरी म्हणतो, प्रकरण मिटलं. शाळा सुटल्यावर त्याचेच चार दोस्त सायकल स्टँडवर तिची वाट बघत असतात आणि त्यानंतर ती कुणालाच काही सांगत नाही.

ही चूक मी स्वतः केलीय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मीच असं समोरासमोर उभं केलं होतं आणि ती मुलगी म्हणाली, "काही नाही झालं मॅडम, मस्करी होती." मला हायसं वाटलं तेव्हा. आता लाज वाटते.

गोष्टी सगळ्यांना माहीत असतात, गडबड होते ती क्रमात. माफी पहिली घेतात आणि पुरावा शेवटी शोधतात, तोवर मेसेज डिलीट झालेले असतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. मी मुलगी-मुलगा असं लिहिलंय कारण जास्त वेळा तसंच असतं, पण "बायल्या" म्हणून ज्या मुलाचं जगणं हराम केलं जातं त्यालाही हेच सगळं लागू आहे, आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी आहे, फक्त मुलींसाठी नाही.

टप्पा १: काही घडायच्या आधीची तयारी

शाळेचा साधा हाताने काढलेला नकाशा घ्या, झेरॉक्स काढा आणि आठवी ते दहावीच्या मुलींना (मुलांनाही, वेगळ्या तासाला) द्या, नाव लिहायचं नाही, फक्त जिथे एकटं जायला नको वाटतं तिथे फुली मारायची. आमच्याकडे सगळ्या फुल्या तीनच ठिकाणी आल्या: जिन्याचं वळण, टॉयलेटकडचा बोळ, सायकल स्टँड. कॅमेरे होते ते व्हरांड्यात आणि ऑफिसबाहेर. मग मधल्या सुट्टीतली शिक्षकांची ड्युटी आम्ही त्या तीन ठिकाणी हलवली, खर्च शून्य.

तक्रारपेटी कुठे आहे ते बघा. नव्वद टक्के वेळा हेडसरांच्या दाराबाहेर, कॅमेऱ्याच्या बरोब्बर खाली. तिथे कोण चिठ्ठी टाकेल? ती ग्रंथालयात किंवा मुलींच्या टॉयलेटच्या बोळात हलवा, ठरलेल्या दिवशी दोन जणांनी मिळून उघडा आणि रिकामी निघाली तरी वहीत "रिकामी" लिहा.

सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या समितीचा, शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे, आणि बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने समिती, कॅमेरे, तक्रारपेटी सगळ्याची पुन्हा आठवण करून दिली. कागदावर समिती जवळपास सगळीकडे आहे, प्रश्न पोरांना माहीत आहे का हा आहे.

तपासा: आठवीतल्या कुठल्याही पाच पोरांना व्हरांड्यात थांबवून विचारा, "कुणी त्रास दिला तर शाळेत कुणाला सांगशील?" पाचही जणांनी माणसाचं नाव घेतलं पाहिजे. "ऑफिसात" हे उत्तर धरायचं नाही.

एक बांधीव वही ठेवा, पानांना नंबर घालून, सुटे कागद नकोत कारण ते हरवतात, किंवा हरवले जातात. पहिल्या पानावर हे नंबर: चाइल्ड हेल्पलाईन १०९८, पोलीस ११२, सायबर १९३०, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, आणि तुमच्या पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल. प्रत्येक ठाण्यात हा अधिकारी नेमलेला असायला हवा. नाव आधीच काढून ठेवा, घटनेच्या दिवशी ठाणे अंमलदाराशी वाद घालत बसायला वेळ नसतो.

टप्पा २: समोर घडलं तर पहिली तीस सेकंदं

तुम्ही फळ्याकडे वळलात आणि मागून कुणीतरी मुलीच्या अंगावरून काही बोललं, हशा पिकला. इथे दोन टोकाच्या चुका होतात, एक म्हणजे ऐकू आलं नाही असं दाखवणं, दुसरी म्हणजे तास थांबवून वीस मिनिटं संस्कारांवर भाषण. भाषणात त्या मुलीकडे पन्नास डोळे वळतात, ती दुसऱ्यांदा मरते.

एक वाक्य पुरतं, आवाज न चढवता: "हे बोलणं माझ्या वर्गात चालणार नाही. तास संपल्यावर मला भेट." आणि पुढे शिकवायला लागा. "तुला वाईट वाटलं का गं?" असं तिला सगळ्यांसमोर विचारू नका. तासानंतर त्याला न विसरता भेटा, नाहीतर पोरं हिशोब ठेवतात की मॅडम नुसतं म्हणतात.

मित्रमैत्रिणींनाही एक साधी गोष्ट शिकवून ठेवा. दादागिरी करणाऱ्याशी भांडायचं नाही, सरळ तिच्यापाशी जायचं आणि म्हणायचं, "चल, तुला मॅडमनी बोलावलंय," आणि घेऊन निघायचं. चौदा वर्षांच्या पोराला हिरो होता येत नाही, पण एवढं खोटं नक्की बोलता येतं.

टप्पा ३: तिचं ऐकून घेणं, एकदाच

एकच माणूस ऐकणार, शक्यतो जिला ती सांगायला आली तीच. खोलीचं दार उघडं पण आवाज बाहेर जाणार नाही अशी जागा. मैत्रीण सोबत हवी असेल तर बसू द्या.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, पुढे ते मोडावं लागलं की तुम्ही खोटारडे ठरता. त्याऐवजी: "हे मी ज्याला गरज आहे त्यालाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन."

प्रश्न दोनच, "काय झालं?" आणि "मग काय झालं?". "का" ने सुरू होणारा एकही प्रश्न नको. तू का गेलीस, तू त्याला नंबर का दिलास, आधी का नाही बोललीस, हे सगळे आरोप आहेत, प्रश्नचिन्ह लावलेले. तिचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असेल तर शिवी लिहा, "अश्लील बोलला" असं सोवळं करून लिहिलं की नंतर कुणालाच कळत नाही नक्की काय बोलला.

शेवटी विचारा, "आता तुला कशाची भीती वाटतेय?" बऱ्याचदा उत्तरात तो मुलगा नसतोच. "पप्पा शाळा बंद करतील." "मोबाईल काढून घेतील." गावाकडे तर "लग्नाचं बघायला लागतील" हेही ऐकलंय. ही भीती लिहून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागणार आहे.

थांबा: वर्गशिक्षक, मग सुपरवायझर, मग हेडसर, मग समितीतल्या तीन बायका अशा सगळ्यांना तिने तीच गोष्ट पाच वेळा सांगायची नाही. तुमची नोंद वाचायला द्या.

टप्पा ४: पुरावा, मुलाला कळायच्या आधी

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो. मुलाला आधी बोलावलं तर तो ऑफिसातून वर्गात पोचेपर्यंत ग्रुपवरचं सगळं "डिलीट फॉर एव्हरीवन" झालेलं असतं.

साधे मेसेज, शिव्या, धमक्या असतील तर स्क्रीनशॉट घ्या, पण फक्त तो एक मेसेज नको, त्याच्या वरचे-खालचेही, तारीख आणि वेळ दिसेल असे. इन्स्टावर वरचं नाव रोज बदलता येतं, म्हणून प्रोफाईलची लिंक आणि युजरनेम लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर "एक्स्पोर्ट चॅट" करून फाईल काढता येते. स्नॅपचॅटवर किंवा इन्स्टाच्या व्हॅनिश मोडमध्ये स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा एकदाच उघडणारा फोटो स्क्रीनशॉट घेऊच देत नाही, अशा वेळी दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा. मूळ फोन फॉरमॅट करायचा नाही, नंबर बदलायचा नाही, रागाच्या भरात अ‍ॅप काढायचं नाही, कोर्टात मूळ फोनला किंमत असते.

आता मोठी धोक्याची सूचना. मजकुरात मुलीचा नग्न किंवा लैंगिक फोटो-व्हिडिओ असेल, खरा असो वा एआयने बनवलेला, तर वरचं काहीही करू नका. स्क्रीनशॉट नाही, "पुरावा म्हणून" स्वतःला फॉरवर्ड नाही, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. मुलांचं असं चित्र जवळ ठेवणं आणि पाठवणं हाच पॉक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हेतू चांगला असला तरी हा धोका पत्करू नका. फक्त कुठल्या अकाउंटवर, कुठल्या ग्रुपमध्ये, किती वाजता, कुणी दाखवलं एवढं लिहा आणि फोन आहे तसा पोलिसांकडे द्या. फोटो पसरू नये म्हणून "टेक इट डाऊन" नावाची मोफत सेवा आहे, त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, ज्या फोनमध्ये तो आहे त्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा बनतो, आणि इन्स्टा, फेसबुकसारख्या कंपन्या तो ठसा वापरून फोटो शोधून काढतात. आणि नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते.

टप्पा ५: तीन ढीग

सगळं एकाच मापाने मोजलं की एकतर पोरकट कमेंटवर पोलीस येतात किंवा खऱ्या धमकीवर "पोरं आहेत, चालायचंच" होतं. आम्ही तीन ढीग करतो.

पहिला ढीग, बायकांना कमी लेखणारं बोलणं. "मुलींना गणित जमत नाही", "मॉनिटर पोरगीच का". हे वर्गातच हाताळायचं. (या ढिगात आपणही असतो हं. "काय पोरींसारखा रडतोस" हे मैदानावर सर ओरडतात, आणि स्नेहसंमेलनात खुर्च्या मुलं उचलतात, रांगोळी मुली काढतात, मग पोरं वेगळं काय शिकणार.)

दुसरा ढीग, एका मुलीवर रोखलेलं. टोपणनाव, अंगावरून कमेंट, मुलींना मार्क देणारी लिस्ट, वाट अडवणं. इथे नोंद, समिती, पालक, सगळं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, लैंगिक हेतूने बोलणं, हावभाव करणं, पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा मेसेज करत राहणं, हे पॉक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक छळात बसतं. त्यामुळे दुसऱ्या ढिगातलं बरंच काही खरं तर तिसऱ्यातलं असतं.

तिसरा ढीग, हात लावणं, धमकी, फोटो. "फोटो व्हायरल करीन" ही धमकीसुद्धा, मग फोटो खरा असो वा बनावट, त्याच कलमात आहे.

धमकी किती गंभीर आहे हे ठरवायला हे बघा: जागा, वेळ, साधन यातलं काही नेमकं सांगितलंय का ("बघून घेईन" आणि "शनिवारी क्लासवरून येताना अ‍ॅसिड टाकीन" यात फरक आहे), त्याला तिचा रस्ता आणि वेळ माहीत आहे का, आधी काही करून झालंय का, सोबत कुणी बाहेरचा मोठा, बाईकवाला आहे का, आणि तिने स्वतःहून रस्ता किंवा वेळ बदललीय का. या शेवटच्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. ती लांबून फिरून घरी जायला लागली असेल तर तिचा अंदाज तुमच्यापेक्षा चांगला आहे असं धरा.

"तू बोलली नाहीस तर मी जीव देईन" हीसुद्धा धमकीच, पण इथे दोन मुलं धोक्यात आहेत. त्याला एकटं सोडू नका, त्याच्या घरी त्याच दिवशी कळवा, टेलिमानसला फोन करा. आणि तिला ठासून सांगा की त्याला जगवायची जबाबदारी तिची नाही.

टप्पा ६: तिसऱ्या ढिगासाठी पोलीस, त्याच दिवशी

पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती आहे त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं, आणि हे कर्तव्य वैयक्तिक आहे. "मी हेडसरांना सांगितलं होतं" एवढ्याने सुटका होत नाही, संस्थेची किंवा ट्रस्टींची परवानगीही लागत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत.

पोलिसांकडे मागायच्या गोष्टी: जबाब मुलीच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत. हे उपकार नाहीत, कायद्यात लिहिलंय. मुलीची ओळख कळेल असं काहीही बाहेर जाता कामा नये, आणि मुलगा १८ च्या आतला असेल तर त्याचीही. गावातल्या न्यूज पोर्टलवाल्याचा फोन आला तर "माहिती देता येणार नाही", बास.

"पोराचं आयुष्य बरबाद होईल" म्हणून सगळे इथे अडतात. १८ च्या आतल्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याला लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, बेड्या घालत नाहीत. नियमांप्रमाणे अतिगंभीर गुन्हा नसेल आणि सोबत कुणी सज्ञान नसेल तर एफआयआरऐवजी ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सोबत सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल असा मार्ग आहे.

टप्पा ७: मुलाशी बोलणं

आता मुलगा. आत्ता, आधी नाही. आणि तिसऱ्या ढिगातलं प्रकरण असेल तर पोलिसांना विचारून.

एकटा तो, दोन मोठी माणसं, त्यातलं एक नोंद करणार. त्याचे दोस्त वेगवेगळे, एकाच वेळी, वेगळ्या खोल्यांत, नाहीतर व्हरांड्यात गोष्ट जुळवली जाते. मारायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम १७ मध्ये मनाई आहे हे तर आहेच, पण मार खाल्लेला पोरगा वर्गात परत जातो तो हिशोब चुकता केल्यासारखा, "खाल्ले दोन फटके, झालं". प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं करणंही नको, त्याची लाज तो तिच्यावरच काढणार.

माफीनामा लिहून घेऊ नका. माफी अगदी शेवटी, आणि तिला हवी असेल तरच, तीही चिठ्ठीतून.

त्याऐवजी लेखी अटी द्या, मोजता येतील अशा: तिच्याशी बोलायचं नाही, दोस्तांमार्फत किंवा दुसऱ्या आयडीवरूनही नाही, अमुक जिना वापरायचा नाही, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं थांबून निघायचं. बाक बदलायचा तर त्याचा, तिचा नाही. तुकडी बदलायची तर त्याची. ही एकच गोष्ट मुली महिनोन् महिने लक्षात ठेवतात.

"दाखला हातात द्या त्याच्या" ही मागणी येतेच. आठवीपर्यंत आरटीईच्या कलम १६ मुळे काढून टाकता येत नाही. नववी-दहावीत काढलात तरी तो गेटबाहेर उभा राहणारच, आणि आता तो कुणाच्याच हजेरीपटावर नाही.

टप्पा ८: दोन्हीकडचे पालक, वेगवेगळ्या वेळी

एकाच दिवशी बोलवायचं असेल तर मध्ये दोन तास ठेवा. बाकड्यावर शेजारी बसलेले दोन बाप बघितलेत मी, आत जायच्या आधीच कॉलर धरलेली. लहान गावात अशा भांडणाला जातीचं वळण लागायला एक फोन पुरतो.

मुलीच्या घरच्यांना पहिलं वाक्य: "तिने काहीही चूक केलेली नाही आणि तिने सांगितलं हे फार चांगलं केलं." दुसरं, तिची जी भीती लिहून ठेवलीत ती, सरळ: "तिची शाळा, क्लास आणि मोबाईल आहे तसा चालू राहू दे, नाहीतर पुढच्या वेळी ती आपल्याला काहीच सांगणार नाही." बाप म्हणतो, "मी बघतो त्याच्याकडे." त्यांना काम द्या, आठवडाभर आणायला-सोडायला या म्हणा. रागाला काहीतरी करायला लागतं.

मुलाच्या घरचे म्हणणार, "आमचा तसला नाही." वाद घालू नका, नोंद वाचून दाखवा, तारीख, वेळ, त्याचे शब्द. आई बहुतेक वेळा तिथेच गप्प होते. फोन फोडू नका आणि त्यातलं काही पुसू नका हे त्यांनाही सांगा.

पालक म्हणून हे वाचत असाल आणि शाळाच दाबतेय असं वाटत असेल तर तोंडी बोलणं बंद करा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नंतर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक, आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. पोलिसांकडे जायला मात्र शाळेच्या उत्तराची वाट बघायची नाही, तो रस्ता पहिल्या दिवसापासून मोकळा आहे.

टप्पा ९: पुढचा महिना

प्रकरण पुन्हा पेटतं ते साधारण पहिल्या आठवड्यात, कारण तोवर मोठ्यांचं लक्ष उडालेलं असतं. त्रास आता तो देत नाही, त्याचे मित्र देतात, किंवा तिच्याच मैत्रिणी बोलायच्या थांबतात, "तुझ्यामुळे त्याला." नवीन ग्रुप बनतो ज्यात ती नसते.

तारखा आधीच वहीत लिहा: दुसरा दिवस, सातवा, पंधरावा, तिसावा. त्या दिवशी तिला ऑफिसात बोलावू नका, सगळी शाळा बघते. वही तपासायच्या निमित्ताने, नाहीतर ग्रंथालयात पुस्तक देताना दोन मिनिटं बोला. "सगळं ठीक ना?" विचारू नका, त्याला उत्तर "हो मॅडम" एवढंच असतं. विचारा, "काल घरी कुठल्या रस्त्याने गेलीस? सोबत कोण होतं?"

त्याच्याशीही त्याच तारखांना, अटींचा कागद समोर ठेवून, एकेक अट वाचत. पाळली असेल तर तसं म्हणा त्याला, पोराला तेही कधीतरी ऐकू येऊ दे.

तपासा: तिची हजेरी आणि क्लासची हजेरी, दोन्ही. शाळेत येते पण संध्याकाळचा क्लास सोडला असेल तर रस्त्यात काहीतरी आहे, टप्पा ३ पासून परत सुरू करा. तिसाव्या दिवशी नकाशाची कोरी झेरॉक्स पुन्हा वाटा, सगळ्या वर्गाला, फक्त तिला नाही, आणि फुल्या कुठे सरकल्यात ते बघून ड्युटीचं वेळापत्रक बदला.